एकच सूर

निवृत्त झाल्यावर माणसाने काय करावे, याविषयी इतरांची मते फार ठाम असतात. आमच्या सौभाग्यवतींचे मत पडले, की मी रोज पहाटे मेहरूणच्या तलावावर फिरायला जावे. मी जाऊ लागलो. पण काखेत बासरी घेऊन!

बासरी लांब, खर्जातली. पूर्वीची बासरी आखूड असे. पन्नालाल घोषांनी (1911-1960) ती सुमारे 32 इंचांपर्यंत वाढवली आणि तिला ख्यालगायकीचा गळा दिला. मला वाटले, सहा भोके अन् एक फुंकर, त्यात अवघड ते काय? प्रत्यक्षात बोटे शेवटच्या भोकापर्यंत पोचेनात आणि फुंकरीतून निघे नुसती फुसफूस. बोरांची पाटी घेऊन जाणारी एक म्हातारी एकदा थांबलीच.

“भाऊ, हाई वाजस नही का?”

मी काय सांगणार!

एके दिवशी नातवाने मोबाइलवर जपानी बांबूची बासरी ऐकवली. तिचे नाव शाकुहाची. ती उभी धरतात; समोर चार भोके, मागे एक; लांबी साधारण 54 सेंटिमीटर. फुके पंथाचे भिक्षू डोक्यावर वेताची टोपली घालून ती वाजवत. त्यांच्या लेखी ते ध्यान होते. 1871 साली सरकारने तो पंथ मोडला, वादन मात्र टिकले. आजही शिकणारे सगळी भोके झाकून निघणारा ‘रो’ हा एकच खालचा सूर कितीतरी वेळ फुंकत बसतात.

दुसऱ्या दिवशी मी गाणी बाजूला ठेवली. सहाही भोके झाकली आणि फक्त मंद्र पंचम धरला. तेव्हा कुठे कळू लागले! जोरात फुंकले, की सूर वरच्या सप्तकात उडतो. एका बोटाखाली केसाएवढी फट राहिली, तरी तो मुका होतो. ओठ जरा सैल पडले, की पुन्हा फुसफूस. चूक बांबूची नव्हती. मला ऐकण्याची सवय नव्हती.

आणि एक जुना विद्यार्थी आठवला. बोलताना अडखळायचा. पहिल्या अक्षरावर त्याचा श्वास अडे आणि मी “बस खाली!” म्हणून पुढच्या मुलाला उठवी. पस्तीस वर्षे शिकवले. पण त्या पोराचे एक वाक्य पुरे होईपर्यंत थांबलो नाही. आज माझाही पहिला सूर अडत होता, आणि हा बांबू मला ‘बस खाली’ म्हणत नव्हता.

पुढच्या थंडीत, एका पहाटे, पंचम निघाला. पाच-सहा सेकंदच टिकला असेल. पण भरीव, पाण्यावरून जाणारा. म्हातारी पाटी टेकवून उभी होती.

“वाजनी बरं, भाऊ!”

तिने ओंजळभर बोरे पुढे केली. इतके दिवस ती ऐकत होती, थांबत होती. मास्तर मी होतो. पण माझ्याहून चांगली मास्तरीण ती निघाली.