राणी केतेवानच्या अस्थींची साक्ष

धर्मांतरास नकार देणाऱ्या जॉर्जियाच्या राणी केतेवानला इराणचा शाह अब्बास पहिला याच्या हुकुमाने 1624 मध्ये शिराझ येथे ठार मारण्यात आले आणि तिच्या काही अस्थी ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी 1627 मध्ये गोव्यास आणल्या, असा दाखला पोर्तुगीज दप्तरात होता. परंतु जुन्या गोव्यातील त्यांचा मठ 1835 मध्ये ओस पडून पुढे ढासळल्यामुळे अस्थी ढिगाऱ्याखाली लुप्त झाल्या होत्या.

ज्या खिडकीजवळ अस्थी ठेवल्याचे दप्तरात नोंदले होते, तिचे स्थान मठाच्या भग्नावशेषांत निश्चित करून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केले, तेव्हा हाताचे एक हाड हाती आले. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी त्यातून मातेकडून अपत्याकडे येणारा डीएनए वेगळा केला. त्यात आढळलेला यू-1-बी हा वंशगट तपासलेल्या हजारो भारतीयांत एकाजवळही नव्हता, जॉर्जियात मात्र मिळाला, आणि मठाच्या अवशेषांत सापडलेल्या अन्य अस्थी भारतीय वंशाच्या ठरल्या.

हा डीएनए केवळ मातृवंश सांगतो, व्यक्तीचे नाव सांगत नाही; म्हणूनच दप्तर, स्थळ आणि अस्थी या तिन्हींची साक्ष परस्परांशी जुळली, यातच 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचे खरे सामर्थ्य आहे. 2021 मध्ये भारताने अस्थींचा अंश जॉर्जियाच्या स्वाधीन केला. इतिहाससंशोधन हे जिवंत राष्ट्रांचे ऋण फेडणारे कार्यही असते, याचे याहून उदात्त प्रमाण कोणते असणार?