यंत्राने कोणती खेळी पाहू नये?

बुद्धिबळाच्या पटावर पांढऱ्यास पहिल्या खेपेला २० खेळ्या उपलब्ध असतात आणि काळ्यासही तितक्याच. म्हणजे दोघांची एकेक खेळी होताच ४०० निरनिराळ्या स्थिती संभवतात. पुढे, डाव रंगात आल्यावर, एकेका वेळी सुमारे ३० खेळ्या शक्य असतात. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९५० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हिशेब मांडून दाखविले की, सारे संभाव्य डाव शेवटपर्यंत तपासणे यंत्राच्याही आवाक्यातले नाही. तेव्हा यंत्राने काय पाहावे यापेक्षा काय पाहू नये, हाच खरा प्रश्न होय.

शॅननने दोन मार्ग सांगितले. ठरावीक खोलीपर्यंत झाडून साऱ्या खेळ्या तपासाव्या, हा पहिला. मोजक्या आशादायक खेळ्या निवडून त्यांचाच खोलवर विचार करावा, हा दुसरा. माणूस खेळतो तो दुसऱ्या मार्गाने. १९६६-६७ साली मॉस्को आणि स्टॅनफर्ड येथील यंत्रांमध्ये, तारेने खेळ्या कळवून, चार डाव झाले. स्टॅनफर्डची आज्ञावली निवडक खेळ्या पाहणारी, तर मॉस्कोची सरसकट पाहणारी होती. मॉस्कोने सामना ३-१ असा जिंकला. निवड करणाराच कच्चा असेल, तर नेमकी घातक खेळी विचारातून निसटते. आणि जी पाहिलीच नाही, तिच्यावर उपाय कोठून सुचणार?

मग सरसकट पाहणाऱ्याने वेळ वाचवावा कसा? येथे ‘अल्फा-बीटा’ ही युक्ती कामी येते. समजा, आपली एक खेळी पूर्णपणे तपासली आणि प्रतिपक्षाने उत्तमात उत्तम उत्तर दिले तरी डाव बरोबरीत राहतो, असे ठरले. आता दुसरी तपासू लागतो, तो प्रतिपक्षाच्या पहिल्याच उत्तराने आपला हत्ती फुकट जातो असे दिसते. मग त्याची उरलेली उत्तरे पाहण्याचे प्रयोजन काय? ही खेळी पहिलीहून वाईट, हे ठरून चुकले. येथेही काही गाळले जातेच; पण ते अंदाजाने नव्हे, सिद्धतेने. निर्णयात तिळमात्र फरक पडत नाही. शिवाय चांगल्या खेळ्या आधी तपासण्याचा क्रम साधला, तर तेवढ्याच श्रमांत जवळजवळ दुप्पट खोल पाहता येते. १९९७ साली ‘डीप ब्लू’ या यंत्राने सेकंदास सुमारे २० कोटी स्थिती तपासून जगज्जेत्या कास्पारॉव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरविले, तेव्हा त्याच्या शोधाच्या मुळाशी हीच युक्ती होती.

तथापि, निवडीचा मार्ग निकालात निघाला नाही. २०१७ साली पुढे आलेल्या ‘अल्फाझीरो’ने स्वतःशीच कोट्यवधी डाव खेळून आशादायक खेळी ओळखण्याचे शिक्षण घेतले होते. ती सेकंदास सुमारे ८०,००० स्थिती पाही. तिची प्रतिस्पर्धी ‘स्टॉकफिश’ सुमारे ७ कोटी. सामन्याच्या अटींवर पुढे आक्षेप घेतले गेले हे खरे; परंतु १०० डावांपैकी २८ अल्फाझीरोने जिंकले, ७२ बरोबरीत सुटले आणि ती एकही हरली नाही.

२०२० साली स्टॉकफिशनेही स्थितीचे मोल ठरविण्याचे काम शिकविलेल्या जाळ्याकडे सोपविले; शोधाची पद्धत मात्र अल्फा-बीटाचीच ठेवली. सिद्धतेने गाळलेल्या खेळीकडे पुन्हा वळून पाहावे लागत नाही. अंदाजाने गाळलेली खेळी मात्र गाळणाऱ्याच्या अभ्यासाइतकीच भरवशाची असते, हेच या साऱ्या इतिहासाचे सार आहे.