बिऱ्हाड आंत कीं बाहेर?

मुलानातवंडांसह अमेरिकेंतील डिस्नेच्या क्रीडानगरीस निघालेल्या मंडळींपुढें पहिला प्रश्न उताऱ्याचा असतो. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत उतरावें कीं बाहेर?

याचें उत्तर स्थळागणिक बदलतें. कॅलिफोर्नियांत अ‍ॅनाहाइम येथें १९५५ सालीं डिस्नेलँड उघडलें तें १६० एकरांच्या जागेंत. भोंवतालची जमीन इतरांच्या हातीं गेली व तेथें हॉटेलें उठलीं. त्यामुळें आजहि हार्बर बुलव्हार्डवरील परक्या हॉटेलांतून पायीं उद्यानांत जातां येतें. हा धडा घेऊन वॉल्ट डिस्ने यांनीं फ्लॉरिडांत सुमारें २७,००० एकर जमीन घेतली. १९७१ सालीं उघडलेल्या त्या नगरींत अंतरें मैलांचीं आहेत. आंतल्या पाहुण्यांस मोफत बस व अर्धा तास आधीं प्रवेश मिळतो. बाहेरच्यांस बहुधा मोटार लागते. मात्र किसिमीच्या बाजूस स्वयंपाकघरासह अख्खें घर भाड्यानें मिळतें, आणि दहा माणसांची पंगत तेथेंच बसूं शकते.

तेव्हां भाड्याआधीं एक हिशेब करावा. भर दुपारीं थकलेल्या आजींना व पेंगुळलेल्या बाळाला अंथरुणावर पोंचविण्यास किती वेळ लागेल? अ‍ॅनाहाइमांत बाहेर राहून वांचलेला पैसा खरोखरीच वांचतो. फ्लॉरिडांत मात्र तो पुष्कळदां वडीलधाऱ्यांच्या विश्रांतींतून वसूल होतो.