वॉलपेपर बिनधास्त लावा, स्क्रीनसेव्हर तपासून घ्या

घरातला जुना डेस्कटॉप अजून टिकून असतो त्याला कारणं असतात. कुणाचं वर्षानुवर्षांचं श्रीलिपी फॉन्टमधलं लिखाण त्याच्यावर आहे, कुणाच्या सोसायटीचा हिशेब आहे, कुणाचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर दुसऱ्या कुठल्याच यंत्राला दाद देत नाही. त्यावर विंडोज एक्सपी किंवा विंडोज 7 असतं आणि ते बऱ्यापैकी चालतं. मग सुट्टीत नातवंडं येतात आणि त्यांना त्याचा चेहरामोहरा बदलायचा असतो. इथे हमखास कुणीतरी म्हणतं, “काही लावू नकोस त्याच्यावर, आधीच हळू चालतोय.”

एक्सपीमध्ये डेस्कटॉपवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की थीम्स, डेस्कटॉप, स्क्रीन सेव्हर असे टॅब शेजारीशेजारी दिसतात. एकाच चौकटीत असल्यामुळे ही तिन्ही सजावटीचीच साधनं, असं वाटतं. प्रत्यक्षात वॉलपेपर हे नुसतं चित्र आहे, स्क्रीनसेव्हर हा पूर्ण प्रोग्रॅम आहे आणि थीम ही सेटिंगची यादी आहे. हा फरक लक्षात न आल्यामुळे लोक चित्राला घाबरतात आणि प्रोग्रॅम मात्र डोळे झाकून घरात घेतात. मला काळजी वाटते ती याची.

“वॉलपेपरमुळे संगणक मंद होतो”

हा समज अगदीच निराधार नाही, पण तो जुन्या काळातला आहे. विंडोज 98 मध्ये जेपेग चित्र वॉलपेपर म्हणून लावायचं तर अ‍ॅक्टिव्ह डेस्कटॉप सुरू करावा लागे. डेस्कटॉपला वेबपानासारखं चालवणारा हा भाग 32 एमबी रॅमच्या यंत्राला जड जाई आणि बोल लागे चित्राला. तेच चित्र बीएमपी प्रकारात साठवून लावलं तर अ‍ॅक्टिव्ह डेस्कटॉपची गरजच नसे. एक्सपीत तर ही अटच राहिली नाही.

आता सरळ हिशेब करू. जुन्या मॉनिटरचं नेहमीचं रिझोल्यूशन 1024 गुणिले 768, म्हणजे 7,86,432 ठिपके. एका ठिपक्याच्या रंगाला 3 बाइट धरले तर 23,59,296 बाइट, म्हणजे सव्वादोन एमबी. संगणकात फक्त 256 एमबी रॅम असली तरी हा वाटा एक टक्क्यापेक्षा कमी भरतो. वॉलपेपर काढून टाकल्याने यंत्र पळायला लागणार नाही. मंदपणाचं मूळ बहुतेक वेळा सुरुवातीलाच आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रॅमांत, भरलेल्या हार्ड डिस्कमध्ये किंवा अपुऱ्या रॅममध्ये असतं.

खरी चूक होते ती फोनवरचा फोटो जसाच्या तसा लावताना. 4000 गुणिले 3000 चा फोटो म्हणजे 1 कोटी 20 लाख ठिपके. फाइल तीन-चार एमबीची दिसते, कारण जेपेग दाबून साठवलेलं असतं. उघडल्यावर तिचे 3 कोटी 60 लाख बाइट होतात. एवढं सगळं उलगडून शेवटी ते 1024 च्या पडद्यातच बसवायचं असतं, त्यामुळे जास्तीच्या ठिपक्यांचा फायदा शून्य. फोटो आधी इरफानव्ह्यूसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये रिसाइज करून घ्या. 4000 बाय 3000 चं प्रमाण 4:3 आहे आणि 1024 बाय 768 चंही तेच आहे, त्यामुळे आडवा फोटो कुठेही न कापता नेमका बसतो.

उभा फोटो मात्र एक्सपीत ‘स्ट्रेच’वर लावू नका. एक्सपी फोटोचं प्रमाण सांभाळत नाही, तो चारही बाजूंनी पडद्याला चिकटवतं. मग आजीचा चेहरा जवळजवळ दुप्पट रुंद होतो आणि सगळे कॅमेऱ्याला नावं ठेवतात. अशा फोटोला ‘सेंटर’ निवडा. विंडोज 7 मध्ये ‘फिट’ आणि ‘फिल’ हे दोन पर्याय जास्तीचे आले, त्यात चेहरा बिघडत नाही.

यंत्र हलकं राहावं म्हणून वॉलपेपर काढून साधा एकच रंग ठेवणाऱ्यांना विंडोज 7 ने उलटाच अनुभव दिला. त्याच्या सुरुवातीच्या काळात अशी चूक होती की पार्श्वभूमीला नुसता रंग निवडला असेल तर लॉगिननंतर ‘वेलकम’चा पडदा तब्बल 30 सेकंद अडून राहायचा. वॉलपेपरचं चित्र असेल तर हा उशीर होत नसे! मायक्रोसॉफ्टने पुढे त्याची दुरुस्ती दिली.

जाता जाता त्या हिरव्या टेकडीबद्दल. एक्सपीबरोबर आलेलं ‘ब्लिस’ हे चित्र संगणकावर रंगवलेलं आहे असं अजून पुष्कळांना वाटतं. तो खरा फोटो आहे. नॅशनल जिऑग्राफिकसाठी काम केलेले छायाचित्रकार चार्ल्स ओरिअर यांनी तो 1996 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या सोनोमा कौंटीत, रस्त्याच्या कडेला थांबून, मामिया कॅमेऱ्यात फिल्मवर टिपला. तिथल्या द्राक्षवेलींना फायलोक्सेरा या किडीने ग्रासल्यामुळे वेली काढून टाकलेल्या होत्या, म्हणून टेकडीवर नुसतं गवत होतं. पुढे तिथे पुन्हा द्राक्षं लावली गेली.

“स्क्रीनसेव्हर म्हणजे हलणारं चित्र”

इथे मात्र थांबून नीट वाचा. स्क्रीनसेव्हरच्या फाइलचं एक्स्टेन्शन .एससीआर असतं. आतून ती .ईएक्सईच असते, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरसारखा चालणारा प्रोग्रॅम. खात्री करायची असेल तर एक्सपीवर कॅल्क्युलेटरच्या फाइलची, म्हणजे कॅल्क.ईएक्सईची, एक प्रत डेस्कटॉपवर घ्या, एक्स्टेन्शनं दिसू द्या (ते कसं, पुढे सांगितलं आहे), तिचं नाव कॅल्क.एससीआर करा आणि डबल क्लिक करा. कॅल्क्युलेटर उघडतो. विंडोजच्या लेखी दोन्हींत फरक नाही.

प्रोग्रॅम आहे म्हटल्यावर त्याला फाइली वाचता येतात, पुसता येतात, इंटरनेटवर काही पाठवताही येतं. या ताकदीचा चांगला उपयोगही झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने 1999 च्या मे महिन्यात सुरू केलेला सेटी@होम हा प्रकल्प लोकांच्या घरी स्क्रीनसेव्हर म्हणूनच पोचला. संगणक रिकामा असताना तो रेडिओ दुर्बिणीने गोळा केलेली माहिती तपासायचा आणि उत्तर परत पाठवायचा. परग्रहावरच्या संदेशांचा शोध असा घरोघरच्या यंत्रांवर चालला होता.

आणि याच ताकदीचा दुरुपयोग 2004 च्या जानेवारीत मायडूम या वर्मने केला. ईमेलला जोडून येणाऱ्या त्याच्या फाइलींना जी एक्स्टेन्शनं असत, त्यांत .एससीआर हेही होतं. लोकांनी डबल क्लिक केलं आणि ते पसरत गेलं.

घरात हे कसं घडतं ते पाहा. विंडोज सहसा ओळखीची एक्स्टेन्शनं लपवतं. त्यामुळे ‘गणपती.जेपीजी.एससीआर’ अशी फाइल पडद्यावर नुसती ‘गणपती.जेपीजी’ दिसते. तिचं चिन्हही फोटोचं देता येतं. सणासुदीला पेनड्राइव्हवरून आलेली अशी फाइल उघडायला कोण मागेपुढे पाहील? म्हणून पहिलं काम हे करा: एक्सपीत माय कॉम्प्युटर उघडून टूल्स, फोल्डर ऑप्शन्स, व्ह्यू असं जा आणि ‘हाइड एक्स्टेन्शन्स फॉर नोन फाइल टाइप्स’ समोरची टिक काढा. पाच मिनिटंही लागत नाहीत.

फुकट स्क्रीनसेव्हरच्या इन्स्टॉलरमधून टूलबार आणि जाहिराती दाखवणारे प्रोग्रॅम येत, तेही ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबण्याच्या सवयीमुळे. कुणी अँटिव्हायरस आहे म्हणून निर्धास्त असेल तर त्याने आपल्या जुन्या यंत्रावरचा अँटिव्हायरस शेवटचा कधी अपडेट झाला ते उघडून पाहावं.

चित्रं शंभर टक्के निर्धोक आहेत का? जेपेग वाचणाऱ्या विंडोजच्या भागातच 2004 मध्ये एक त्रुटी निघाली होती, तिची दुरुस्ती त्याच सप्टेंबरात आली. म्हणून एक्सपी वापरायचं तर सर्व्हिस पॅक 3 असलेलंच वापरावं. तरीही चित्र आणि चालणारा प्रोग्रॅम यांच्या धोक्याची बरोबरी होत नाही.

“स्क्रीनसेव्हरमुळे पडदा टिकतो आणि वीज वाचते”

पहिला अर्धा भाग एकेकाळी खरा होता. जुन्या जाडजूड सीआरटी मॉनिटरच्या काचेला आतून फॉस्फरचा लेप असतो. एकच मजकूर महिनोन्महिने एकाच जागी राहिला तर तिथला लेप लवकर झिजतो आणि मॉनिटर बंद असतानाही अक्षरांची सावली दिसते. त्यावर उपाय म्हणून जॉन सोचा यांनी पडदा काळा करणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला, तो 1983 च्या डिसेंबरात सॉफ्टटॉक या मासिकात छापून आला. रंगीत मासे आणि वळणावळणाचे पाइप फार नंतरचे. एलसीडी मॉनिटरच्या पडद्याला असा फॉस्फरचा लेप नाही, तिथे या झिजेचा प्रश्न येत नाही. नव्या ओएलईडी पडद्यांना डाग पडतो, पण जुन्या डेस्कटॉपला ते कुणी जोडलेले नसतात.

वीज मात्र स्क्रीनसेव्हरने कधीच वाचली नाही. पडद्यावर चित्र हलत असतं तेव्हा मॉनिटर चालूच असतो, आणि त्रिमितीय स्क्रीनसेव्हर असेल तर प्रोसेसरही राबत असतो. 17 इंची सीआरटी साधारण 75 वॅट घेतो. रोज चार तास तो मासे दाखवत राहिला तर महिन्याला 9 युनिट फुकट जातात. त्यापेक्षा पॉवर ऑप्शन्समध्ये दहा मिनिटांनी मॉनिटर बंद होईल असं ठरवा. तेव्हा तो काही वॅटवर येतो आणि काच खरोखर अंधारते, म्हणजे फॉस्फरही वाचतो.

स्क्रीनसेव्हरकडून तिसरी अपेक्षा असते ती कुलपाची, पण त्याच्या पासवर्डवर विंडोज 98 मध्ये भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. संगणक रीस्टार्ट करून लॉगिनच्या चौकटीत एस्केप दाबलं की सहसा सरळ आत जाता येई. एक्सपी आणि 7 मध्ये खात्यालाच पासवर्ड असेल तर तो खरा आडोसा आहे.

“नवी थीम टाकली की नवं विंडोज मिळतं”

थीमची फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहण्यासारखी आहे. आत साध्या ओळी असतात: वॉलपेपरचा पत्ता, कर्सरचे पत्ते, आवाजांचे पत्ते, आणि रंग तीन आकड्यांत. 0 0 0 म्हणजे काळा, 255 255 255 म्हणजे पांढरा. मित्राकडून फक्त .थीम फाइल आणली आणि चित्र आलं नाही, तर फाइल बिघडलेली नाही. त्या पत्त्यावर तुमच्याकडे चित्रच नाही. विंडोज 7 ची .थीमपॅक फाइल चित्रं पोटात घेऊन येते, पण ती एक्सपीवर चालत नाही.

एक्सपीच्या खिडक्यांचा, बटणांचा घाट ठरवणारी फाइल वेगळी असते आणि एक्सपी तिच्यावर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही मागतं. बाहेरची थीम चालवण्यासाठी लोक यूएक्सथीम.डीएलएल ही विंडोजची मूळ फाइलच बदलून टाकत. व्हिस्टासारखं रूप देणारे पॅक हेच करत. बदललेली सिस्टम फाइल कुणाच्या हातची आहे हे आपल्याला कळत नाही, आणि बदल्यात मिळतात ती फक्त रंगीत बटणं. माझ्या मते हा सौदा करू नये. नेटबुकवर आलेल्या विंडोज 7 स्टार्टरमध्ये तर साधा वॉलपेपर बदलायलाही मनाई होती. तिथे तो बदलत नसेल तर यंत्रात बिघाड नाही.

“वॉलपेपर काळा झाला, आता फॉरमॅट मारावा लागणार”

या एका गैरसमजापायी लोकांनी घरचे फोटो गमावले आहेत, म्हणून हे ठळक सांगतो. 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी प्रोफेशनलच्या पायरेटेड प्रतींसाठी एक इशारा आणला. तपासणीत प्रत अस्सल नाही असं दिसलं की पार्श्वभूमी काळी व्हायची. ती बदलली तरी 60 मिनिटांनी पुन्हा काळी. विंडोज 7 मध्येही तसंच, खाली कोपऱ्यात ‘नॉट जेन्युइन’ अशी ओळ येते. फाइलींना यात धक्का लागत नाही. तो व्हायरस नव्हे आणि डिस्क गेल्याचं लक्षणही नव्हे.

विंडोज 7 अस्सल असूनही पडदा काळाच राहतो आणि कुठलंच चित्र घेत नाही, तर कंट्रोल पॅनेलमधल्या ईज ऑफ अ‍ॅक्सेसमध्ये ‘रिमूव्ह बॅकग्राउंड इमेजेस’ला टिक आहे का ते पाहा. ती काढली की चित्र येतं. दुकानदाराने फॉरमॅट सुचवलं तरी आधी फोटो आणि श्रीलिपीच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, आणि त्या दुसऱ्या संगणकावर उघडतात का हे बघूनच हो म्हणा.

शेवटी एक सावधगिरी: एक्सपीला सुरक्षा दुरुस्त्या मिळणं 8 एप्रिल 2014 ला थांबलं, विंडोज 7 ला 14 जानेवारी 2020 ला. तेव्हा या यंत्रावरून वॉलपेपर शोधत इंटरनेटवर फिरू नका. चित्र फोनवर किंवा नव्या संगणकावर निवडा, मापात आणा, स्कॅन केलेल्या पेनड्राइव्हवरून आणा, आणि त्या पेनड्राइव्हवर .एससीआर दिसली तर न उघडता डिलीट करा.