‘आणि’ म्हणजे किती?

शाळेत असताना सहामाहीचा निकाल घेऊन घरी आलो. मराठी ७८, इतिहास ७२, गणित २४. वडिलांना म्हणालो, “सरासरी ५८ पडते.” ते म्हणाले, “मराठीत ३५ हवेत, इतिहासात हवेत आणि गणितातही हवेत. तू नापास आहेस.” तेच तीन आकडे आम्ही दोघांनी दोन रीतींनी एकत्र केले होते. हा तर्कशास्त्रातला प्रश्न आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४ साली विचारांचे नियम बीजगणितात मांडले. खरे म्हणजे १, खोटे म्हणजे ०. मग ‘आणि’ म्हणजे सरळ गुणाकार. एक विधान जरी खोटे निघाले, तरी उत्तर शून्य. ‘किंवा’ला मात्र एक खरे विधान पुरते.

पण पुष्कळ गोष्टी धड खऱ्या नसतात, धड खोट्याही नसतात. आंघोळीचे पाणी ‘गरम’ आहे का, याला अंश असतात. लोत्फी झादे यांनी १९६५ साली ० आणि १ यांच्यामधल्या अंशांना तर्कात जागा दिली. त्यांच्याकडे ‘आणि’ म्हणजे सर्वांत लहान आकडा, ‘किंवा’ म्हणजे सर्वांत मोठा. सरासरी या दोहोंच्या दरम्यान पडते. वडील सर्वांत लहान आकडा पाहत होते, मी सरासरी.

हा फरक प्रगतिपुस्तकापुरता नाही. संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक आरोग्य, शिक्षण आणि उत्पन्न यांचे आकडे एकत्र करतो. पूर्वी त्यांची साधी सरासरी घेत. समजा, एखाद्या देशाचे शिक्षण ०.९, उत्पन्न ०.९, पण आरोग्य ०.३ आहे. सरासरी येते ०.७. आरोग्याची दैना बाकीच्या दोन आकड्यांआड झाकली जाते. २०१० पासून तिन्हींचा गुणाकार करून घनमूळ काढतात. उत्तर येते सुमारे ०.६२. दुबळी बाजू आता तितकीशी लपत नाही.

म्हणून कुणी एकच आकडा पुढे केला, की विचारावे, तो कसा जोडला? एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढू दिली आहे का? जिथे आरोग्य, पाणी, सुरक्षितता यांचा प्रश्न असतो, तिथे ‘आणि’च्या जागी सरासरी बसवली, की कुणीतरी मागे राहतो आणि कागदावर दिसतही नाही.

वार्षिक परीक्षेत मला गणितात ४१ मिळाले. वडिलांनी सरासरी विचारली नाही.