मिश्रीची डबी आणि तलफ

सकाळी चूल पेटवायच्या आधी मिश्रीची डबी हातात घेणाऱ्या बायका आपल्याकडे गावोगाव आहेत. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, आणि बोटाने दातांना-हिरड्यांना लावायची. पुष्कळजणी म्हणतात, “आम्ही कुठं तंबाखू खातो बाई? आम्ही नुसते दात घासतो.” पण भाजली म्हणून तंबाखूची तंबाखू जात नाही. मिश्री ही तंबाखूच आहे. एवढे आधी पक्के समजून घेऊ.

तंबाखूत निकोटीन नावाचे द्रव्य असते. ते विष आहे, आणि तरतरी आणणारेही आहे. तोंडातल्या नाजूक कातडीतून ते रक्तात उतरते आणि रक्तातून मेंदूत पोचते. मग हुशारी वाटते, भूक मंदावते. पुरुषमंडळी चुना लावून बार भरतात, त्यातही हेच घडते. चुन्यामुळे तर निकोटीन जास्त लवकर शोषले जाते. चुन्याशिवाय बाराला मजा नाही, असे ते म्हणतात ते यामुळेच.

आता पुढची गंमत पाहा. साधारण दोन तासांत रक्तातले निकोटीन निम्म्यावर येते. सवय लागलेला मेंदू मग मागणी करू लागतो. डोके जड होते, कामात जीव लागत नाही, पोरांवर उगाच ओरडायला होते. हीच तलफ. चिमूटभर मिश्री लावली की डोके हलके होते. बाई म्हणते, “मिश्रीनं माझं डोकं उतरतं.” पण ते चढवले कोणी? मिश्रीनेच! सावकाराने कर्ज द्यावे, आणि त्याचे व्याज भरायला पुन्हा त्यानेच कर्ज द्यावे, तसा हा व्यवहार.

कित्येकजणी दाढ दुखते म्हणून मिश्री सुरू करतात. कुणीतरी शेजारीण सांगते, लाव, बरं वाटंल. आणि वाटतेही! दुखणे थोडे कमी भासते. कीड मात्र आत आपले काम करीतच राहते. दाढेसाठी दाताच्या डॉक्टरकडे जावे. मिश्री हे दाढेचे औषध नव्हे.

ही खोड काही थोड्याथोडक्यांची नाही. २०१६-१७ साली सरकारने देशभर पाहणी केली. पंधरा वर्षांवरच्या शंभर माणसांत अठ्ठावीस ते एकोणतीस माणसे कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती. त्यांत विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या दुप्पट माणसे तंबाखू चघळणारी, खाणारी किंवा लावणारी निघाली. तोंडाचा कॅन्सर आपल्या देशात इतका का, याचे मोठे कारण इथेच आहे. गरोदर बाई मिश्री लावत असेल तर मूल कमी वजनाचे होण्याची भीती असते.

हे सगळे ऐकून बायका आम्हांला विचारतात, “कळतं हो, पण सुटायची कशी?” प्रश्न रास्त आहे. नुसत्या धाकाने खोड सुटत नाही.

आता तुम्हांला लिहिता येते, तर त्याचा इथे उपयोग करा. सोडायच्या आधी आठवडाभर एक वही जवळ ठेवा. मिश्री लावली की एक रेघ ओढा आणि पुढे वेळ लिहा. भांडी झाल्यावर? भांडणानंतर? शेतात न्याहारीला बसल्यावर? कोणत्या घटकेला हात डबीकडे जातो, ते वहीत आपोआप उमटते. रोजचा खर्चही मांडा. दिवसाला दहा रुपये धरले तर वर्षाचे ३,६५० रुपये होतात.

मग एक दिवस ठरवा. घरात सांगा. डबी रिकामी करून टाका, फडताळात जपून ठेवू नका. घरात दुसरे कोणी मिश्री भाजत असेल तर तो वासच तलफ उठवतो. तेव्हा सासू-सुनांनी बरोबरच सोडली तर उत्तम. नाहीच जमले तर निदान भाजायचे काम सोडणारीकडे देऊ नये.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत कठीण जातात, हे आम्ही लपवीत नाही. झोप मोडते, राग येतो, भूक वाढते. आणखी एक गोष्ट बायका लाजून सांगत नाहीत. मिश्रीशिवाय परसाकडे साफ होत नाही. यात लाजण्यासारखे काही नाही. निकोटीन आतड्यांना चाळवते, ते बंद झाले की आतडी काही दिवस सुस्त होतात. सकाळी कोमट पाणी प्यावे, भाकरीबरोबर पालेभाजी जास्त घ्यावी. दोन-चार आठवड्यांत हा बहुतेक त्रास ओसरतो.

तलफ आली की ती आता सरणारच नाही असे वाटते. पण ती काही मिनिटांतच ओसरते. तेवढा वेळ काढायचा असतो. पाणी प्या, बडीशेप चघळा, उठून दुसऱ्या कामाला लागा. सुपारी मात्र नको. सुपारीनेही खोड लागते आणि तोंड आखडते. फारच जड गेले तर औषधाच्या दुकानात निकोटीनचे च्युइंगगम मिळते. ते सावकाश चावायचे आणि मध्ये मध्ये गालात धरून ठेवायचे असते. गरोदर बाईने आणि हृदयाचा आजार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

सोडणे एक, आणि सुटलेली ठेवणे दुसरे. आमच्या वर्गातल्या एका बाईंनी चार महिने मिश्रीला बोट लावले नव्हते. पुढे भाचीच्या लग्नात रात्री सगळ्याजणी बसल्या, डबी फिरली. “अगं एकदाच लाव, काय होतंय!” आठवड्यात पहिल्यासारखी सुरू झाली. बाई वर्गात यायच्याच बंद झाल्या, तोंड दाखवायला लाज वाटली म्हणून. आमच्या मते मिश्रीपेक्षा ही लाजच जास्त घात करते. पाट फुटला म्हणून कोणी रान टाकून घरी येत नाही. माती ओढून पाट बांधतो, पाणी पुन्हा वळवतो. त्या बाईंना मैत्रिणींनी घरी जाऊन आणले. पुन्हा तारीख ठरली. आता लग्नकार्याला जाताना त्या लवंगा पदराला बांधून नेतात, आणि डबी निघाली की उठून स्वयंपाकघरात जातात.

पुण्यात १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. अशा ठिकाणी व्यसन सोडणाऱ्यांना सांगतात, की जन्मभराची शपथ घेऊ नका, आजचा दिवस तेवढा सांभाळा. मिश्रीलाही हे लागू पडते. “आज नको” म्हणणे जिभेला सोपे जाते.

तोंडही पाहत जा. उजेडात आरसा धरा. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारे तोंड आले, किंवा उभी धरलेली तीन बोटे तोंडात जात नसली, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला हे दुखतच नाही.

सोडायला मदत हवी असेल तर सरकारचा फोन आहे: १८००-११-२३५६. पैसे पडत नाहीत. हा आकडा तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो. घरात पुडी असेल तर आत्ताच काढा आणि वाचून पाहा.