नाव तेच, कारखाना कुठला?

‘श्रेड आता घेऊ नका, पूर्वीसारखा माल राहिला नाही.’ अमेरिकी घडीचे चाकू जमवायला लागलेल्या माणसाला हा सल्ला लवकरच मिळतो. सल्ला बरोबर आहे, पण त्यामागचं कारण बहुतेक वेळा चुकीचं सांगितलं जातं. कंपनी बिघडली, नफ्यामागे लागली, असा समज आहे. खरं तर ती कंपनीच आज अस्तित्वात नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या एलनव्हिल गावातला इम्पीरियल श्रेडचा कारखाना जुलै २००४ मध्ये बंद पडला. ‘श्रेड’, ‘ओल्ड टायमर’ आणि ‘अंकल हेन्री’ ही नावं टेनेसीतल्या टेलर कंपनीनं विकत घेतली आणि त्या नावांचा माल चीनमधून येऊ लागला. पुढे २०१६ मध्ये टेलर कंपनीही स्मिथ अँड वेसनच्या मालकांकडे गेली. म्हणजे नाव टिकलं, पण ज्या हातांनी ते कमावलं होतं ते हात २००४ सालीच थांबले. संग्राहकांनी विश्वास काढून घेतला तो या तुटलेल्या दुव्यामुळे. त्याआधीचे श्रेड ते आजही शोधत फिरतात.

म्हणून ब्रँड चांगला की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. चाकू कोणत्या सालातला आणि कुणाच्या हातचा, हे विचारायला हवं. उदाहरणादाखल ओल्ड टायमर मालिकेतला ३४ओटी पाहा. तीन पात्यांचा, खाचाखाचांची तपकिरी मूठ असलेला, शेतावर वापरायचा चाकू. मोठं पातं उघडा आणि मुठीला लागून असलेला त्याचा सपाट भाग भिंगाखाली धरा. तिथं ‘श्रेड’, त्याखाली ‘यूएसए’ आणि मग क्रमांक कोरलेला असेल, तर तो एलनव्हिलच्या काळातला असण्याची शक्यता मोठी. त्यातले बरेच चाकू साध्या कार्बन पोलादाचे आहेत. कैरी कापून पातं पुसायचं राहिलं, तर त्यावर निळसर करडी छटा चढते. नवखा माणूस त्याला डाग समजून घासून काढतो. जाणकाराला मात्र तीच छटा हवी असते, कारण पोलाद कोणतं आणि चाकू किती वापरलेला हे ती सांगते. नंतरच्या चिनी मालाची पाती बहुधा स्टेनलेस आहेत, त्यांवर अशी छटा चढत नाही.

दुसरा गैरसमज याहून खोल रुजलेला आहे: पात्यावर ज्याचं नाव, त्यानंच चाकू बनवला. अमेरिकी चाकूंच्या धंद्यात हे पूर्वीही खरं नव्हतं. बक कंपनीचे दोन-तीन पात्यांचे सुरुवातीचे खिशातले चाकू श्रेड आणि कॅमिलस यांनी बनवून दिले होते. रेमिंग्टननं आपले जुने ‘बुलेट’ चाकू १९८२ पासून पुन्हा बाजारात आणले, तेही कॅमिलसच्या कारखान्यात बनत. संग्राहक हे सगळे चाकू आनंदानं घेतात. कॅमिलस हा न्यूयॉर्क राज्यातलाच जुना कारखाना. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी मरीन सैनिकांचे चाकू त्यानं प्रचंड संख्येनं बनवले. २००६ मध्ये तिथं संप झाला, २००७ मध्ये कारखाना बंद पडला आणि नाव ॲक्मे युनायटेडनं विकत घेतलं. म्हणून आज दुकानात दिसणाऱ्या ‘कॅमिलस’ला संग्राहक हात लावत नाहीत, पण त्याच कॅमिलसनं बनवलेला आणि दुसऱ्याच कंपनीचं नाव असलेला जुना चाकू मात्र जपून ठेवतात.

‘चीनमधला म्हणजे टाकाऊ’ हे वाक्य मला सर्वात अन्यायकारक वाटतं. ग्वांगडोंग प्रांतातलं यांगजियांग हे चाकूंचं गाव आहे. वुई आणि किझर या तिथल्या कंपन्या टायटॅनियमच्या मुठी आणि महागडं पोलाद वापरून इतकं नेमकं काम करतात की अनेक अमेरिकी संग्राहक त्यांचे चाकू आवर्जून घेतात. कोलोरॅडोची स्पायडर्को आपले काही स्वस्त चाकू चीनमध्ये करून घेते, पात्यावर तसं उघड लिहिते, आणि कुणी त्याबद्दल रुसत नाही. राग देशाचा नसतो. जुन्या कारखान्याची पुण्याई वापरून हलका माल खपवला जातो, त्याचा असतो.

पोलादाच्या नावावरून निकाल देणं हाही असाच उतावीळपणा. बकचं ४२०एचसी हे ऐकायला साधं पोलाद, पण पोलाद तापवून निववण्यातले तज्ज्ञ पॉल बॉस यांनी बसवलेल्या पद्धतीनं त्याला पाणी दिलं की धार चांगली टिकते. पोलाद तेच असलं तरी पाणी देणारा बदलला की चाकूही बदलतो.

मेलेलं नाव पुन्हा उठवणं म्हणजे फसवणूकच, असंही मानू नये. पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल गावी २००६ मध्ये ग्रेट ईस्टर्न कटलरी सुरू झाली. तिनं ‘नॉर्थफील्ड’ आणि ‘टिडियूट’ ही केव्हाच विझलेली जुनी नावं घेतली, पण चाकू स्वतःच्या कारखान्यात, कार्बन पोलादाचे, जुन्या घडणीबरहुकूम केले. त्यांचा नवा माल आला की संग्राहकांची झुंबड उडते. घेतलेलं नाव त्यांनी कामानं पुन्हा कमावलं.

गावाच्या नावाची चोरी तर फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या हलक्या चाकूंवर ‘शेफील्ड’ या इंग्लिश गावाचा ठसा मारून ते विकले जात. अशा प्रकारांमुळेच ब्रिटननं १८८७ मध्ये मालावरच्या खुणांचा कायदा केला आणि परदेशी मालावर मूळ देशाचं नाव घालणं भाग पडलं. पुढे जर्मनीतल्या झोलिंगेन गावाला स्वतःचंच नाव सांभाळायची वेळ आली. १९३८ पासून ते नाव कायद्यानं राखलेलं आहे: घडणीतले मुख्य टप्पे त्या परिसरात पार पडल्याशिवाय ते पात्यावर घालता येत नाही. ‘शेफील्ड’ला इतकं कडक कुंपण दीर्घकाळ नव्हतं, म्हणून त्या ठशावर नुसत्या नजरेनं विश्वास ठेवू नये.

शेवटचा गैरसमज जुन्या मालाच्या भक्तांचा: जुना तो चांगलाच. जुन्या चाकूंच्या खोट्या प्रतीही जुन्याच काळापासून आहेत. डब्ल्यू. आर. केस कंपनीनं १९७० मध्ये पात्याच्या ठशाखाली दहा ठिपके दिले आणि पुढे दरवर्षी एकेक कमी केला. त्यामुळे साल ओळखणं सोपं झालं आणि लबाडांना कुठली खूण बदलायची हेही कळलं. ठशाभोवतीचं पोलाद बाकीच्या पात्यापेक्षा पातळ किंवा जास्त चकचकीत दिसलं, तर जुना ठसा घासून नवा मारला असल्याचा संशय घ्यावा. आणि गेल्या शतकाच्या पूर्वार्धातले सेल्युलॉइडच्या मुठीचे देखणे चाकू बंद डबीत ठेवू नयेत. ते सेल्युलॉइड सडू लागलं की त्यातून आम्लयुक्त वायू सुटतो आणि त्याच चाकूच्या पात्यावर, शिवाय शेजारच्या निरोगी चाकूंवरही गंज चढतो. मूठ आकसलेली, भेगाळलेली दिसली, किंवा पितळी पट्टीवर हिरवी पूड आली, तर तो चाकू त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळा करून हवेशीर जागी ठेवावा.